जिवंत माणसाच्या फोटोला हार

माझा धाकटा दीर लष्करात हवालदार होता. सत्त्याऐंशी साली आपल्या सरकारने श्रीलंकेत शांतिसेना पाठवली तेव्हा त्याची पलटणही गेली. आमच्या घरात कुणालाच त्यातलं राजकारण कळत नव्हतं, आणि आपल्याला कळतं असं ज्यांना वाटायचं ते सगळे आमच्याकडे चहाला यायचे. तेवढा चहा मी पुन्हा आयुष्यात केला नाही.

आम्ही बेलापूरला नवीनच राहायला आलो होतो. दोन खोल्यांचा फ्लॅट, भिंतींना अजून चुन्याचा वास, आणि खाली जिथे रस्ता व्हायचा होता तिथे नुसती लाल माती. रेल्वे आली नव्हती. कुठेही जायचं तर आधी बसची वाट बघायची. माझं ऑफिस मुंबईहून उचलून इथे आणलं, म्हणून आम्हीही उचलले गेलो. घरात मी, बँकेत नोकरी करणारे आमचे हे, आणि सासूबाई.

जाण्याआधी दीर बायकोला घेऊन आला. "वहिनी, गावाकडे डॉक्टर नाही, इथे वाशीला हॉस्पिटल तरी आहे. मी काय, दोन-तीन महिन्यांत परत," म्हणाला. जावेला नुकतेच दिवस गेले होते. ती साताऱ्याकडची, आमच्याच तालुक्यातली, विशी नुकतीच ओलांडलेली. बोलायची कमी, पण एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी नाहीच. निघताना दिराला मी ओवाळलं. सासूबाई ओवाळू शकत नव्हत्या, माझे सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या दाराच्या आत उभ्या राहून बघत होत्या.

"शांतता करायला चाललास ना, मग बंदूक कशाला?" त्यांनी विचारलं.

"न्यावी लागते आई. वापरायची नसते."

"मग ओझं तरी कशाला वाहतोस?"

दीर हसत हसत जिना उतरला. दसरा झाला आणि बातम्यांचा सूर बदलला. ज्यांना सांभाळायला गेले होते त्यांच्यातल्याच बंडखोरांशी आपल्या सैन्याची लढाई जुंपली. रोज संध्याकाळी मराठी बातम्या लागल्या की जाऊ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची आणि बातम्यांत क्रिकेट सुरू झालं की आत जायची. आकडे सांगत, नावं सांगत नसत. नाव नाही म्हणजे आपला नाही, असं सासूबाई म्हणायच्या. मला ते पटत नव्हतं, पण मी गप्प बसायचे.

आमच्या सोसायटीचे चेअरमन सत्तेतल्या पक्षाचे. गिरगावातून आलेले, बोलायला चटपटीत, सफारीच्या खिशाला कायम दोन पेनं. दुसरे होते जुन्या गावातले एक आगरी पुढारी. विरोधी पक्षाचे. त्यांची भातशेती आणि मिठागर आमच्या या नव्या शहरात गेलं होतं. म्हणजे सरळ सांगायचं तर मी ज्या ओट्यावर पोळ्या लाटत होते तो त्यांच्या बांधावर असणार. त्यांना आमच्याबद्दल राग नव्हता. सरकारबद्दल होता, आणि तो भरपूर होता.

या दोघांना आमच्या घरात एक जवान आहे हे कळलं आणि आमचं घर सार्वजनिक झालं. चेअरमन यायचे आणि शेजाऱ्याच्या घरात शांतता असणं आपल्यासाठी कसं गरजेचं आहे ते समजावून सांगायचे. पुढारी यायचे आणि विचारायचे, "शेजाऱ्याच्या घरान भांडान लागलंय, त आपली पोरा कशाला मरायला न्यायची?" दोघांचं ऐकताना दोघांचंही खरं वाटायचं. आमचे हे पेपरमागे बसून दोघांनाही "बरोबर आहे" म्हणायचे. बँकेत राहून माणूस असा होतो की आधीपासूनच तसा असतो म्हणून बँकेत घेतात, हे मला अजून कळलेलं नाही.

दोघांपैकी एकानेही एकदाही विचारलं नाही की पत्र आलं का. जानेवारीत ते येणं बंद झालं होतं. त्याआधी बारीक अक्षरातलं, तब्येत बरी आहे काळजी नसावी एवढंच सांगणारं अंतर्देशीय पत्र अधूनमधून यायचं. संक्रांत आली तरी काही नाही. जाऊ दुपारी गॅलरीत उभी राहून पोस्टमनची सायकल बघायची. सायकल वळून गेली की केर काढायला घ्यायची. दिवसातून तीनदा केर निघत होता आमच्याकडे.

त्याच सुमाराला तिला पाचवा लागला. आमच्यात पाचव्या महिन्यात घरच्या घरी ओटी भरतात आणि हिरव्या बांगड्या घालतात. मी पनवेलहून कासार बोलावला आणि दोन्ही हात भरून चुडा घातला. सासूबाई लांब बसून बघत होत्या. त्यांचे स्वतःचे हात रिकामे, त्यामुळे असल्या कामात त्या पुढे येत नसत. पण त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही, आमच्यात तशी पद्धत नव्हती.

मग चेअरमन सव्वीस जानेवारीचा बेत घेऊन आले. शाळेच्या मैदानावर झेंडावंदन, त्यानंतर वीरमातेचा सत्कार. वीरमाता म्हणजे आमच्या सासूबाई.

"आजी, टेन्शन घेऊ नका. एकच वाक्य बोलायचं," चेअरमन म्हणाले. "आणखी एक मुलगा असता, तर तोही देशाला दिला असता. बस्स. टाळ्या."

सासूबाईंनी पेपरमागे बसलेल्या यांच्याकडे बोट दाखवलं. "आणखी एक आहे की. हा काय."

"ते बोलायचं नाही ना आजी."

"बोलायचं नाही कसं? लोकांना दिसतोय की तो."

चेअरमननी माझ्याकडे मदतीसाठी बघितलं. मी कपबशा उचलून आत गेले, कारण हसू आवरत नव्हतं. आत जाऊ होती, तीसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होती. महिन्याभरात पहिल्यांदा.

सव्वीसच्या आदल्या दिवशी ती पनवेलला मामीकडे हळदीकुंकवाला गेली. रथसप्तमी जवळ आली होती आणि मामी सारखी बोलवत होती. सकाळी परत येते म्हणाली. ती गेल्यावर संध्याकाळी चेअरमननी निरोप पाठवला की जवानाचा एक मोठा फोटो द्या, मंचावर ठेवायचाय. भिंतीवरचा युनिफॉर्ममधला फोटो यांनी काढून दिला. म्हणजे फोटो नेल्याचं जावेला ठाऊक नव्हतं. हे सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात तिचं डोकं फिरलं होतं असं काही बायका म्हणाल्या. डोकं अजिबात फिरलं नव्हतं. जे दिसलं त्याचा कुणीही तोच अर्थ लावला असता.

मैदानावर बऱ्यापैकी गर्दी होती. मंचावर एका खुर्चीत सासूबाई, फिकट लुगड्यात, पाय वर घेऊ की खाली ठेवू या विवंचनेत. शेजारच्या खुर्चीवर दिराचा फोटो. सत्काराचं ताट घेऊन आल्या चेअरमनच्या मिसेस. बाई स्वभावाने चांगली, देवधर्म करणारी, रीतीभातींना जपणारी. ताटात हळदकुंकू, निरांजन, शाल, नारळ आणि झेंडूचा हा एवढा हार. त्या सासूबाईंसमोर उभ्या राहिल्या, कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं आणि थांबल्या. विधवेला कुंकू लावायचं कसं? हार घालायचा कसा? सत्कार ठरवताना हे पुरुषांच्या लक्षात आलं नव्हतं आणि बायकांना कुणी विचारलं नव्हतं.

चेअरमन माइकवरून डोळ्यांनी दटावत होते, आवर म्हणून. बाईंच्या बोटावर कुंकू तसंच. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या फोटोच्या काचेवर ते बोट टेकवलं. मग सुटल्यासारखं होऊन हारही फोटोलाच घातला. निरांजन फोटोपुढे ठेवलं. शाल आणि नारळ सासूबाईंना दिला आणि पदराने कपाळ पुसत खाली आल्या. हार काढावा म्हणून मी अर्धवट उठले. पण शेजारची म्हणाली, "किती छान दिसतोय हो तुमचा दीर," आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे टाळ्या वाजवताना मान हलवत होते.

चेअरमन मोठे काटेकोर. सत्कार झाला की लगेच त्यांनी माइकवर सांगितलं की शांतिसेनेच्या ज्या जवानांनी प्राणांची आहुती दिली त्यांना दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या. सगळे उठले. माना खाली गेल्या.

त्याच वेळी मैदानासमोर पनवेलची बस थांबली आणि माझी जाऊ उतरली. महिनाभर पत्र नाही. कानावर पडलं ते प्राणांची आहुती. समोर नवऱ्याचा फोटो, त्याला हार, पुढे दिवा. सासू मंचावर उभी, सबंध कॉलनी मान घालून उभी. तिने कुणाला काही विचारलं नाही. विचारायला कुणी वर बघतच नव्हतं. ती सरळ शाळेच्या दगडी कुंपणापाशी गेली आणि तिने दोन्ही मनगटं कुंपणावर आपटली.

काचेचा आवाज त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेला. मी धावले तोवर एका हातात दोनच बांगड्या उरल्या होत्या आणि त्याही ती फोडत होती. हातांतून रक्त येत होतं. रडत नव्हती. मला म्हणाली, "कधी आलं, ताई?"

"काय कधी आलं?"

"कळवलंय ना त्यांनी. कधी आलं?"

"अगं, काही आलेलं नाही. आईंचा सत्कार आहे हा."

"मग हार कशाला घातलाय?"

तिकडे सासूबाई मंचावर हालल्या. त्यांनी शाल खुर्चीवर टाकली, फोटोचा हार काढला, लुगड्याच्या पदराने काचेवरचं कुंकू पुसलं आणि फोटो बगलेत मारून खाली उतरल्या. चेअरमनच्या मिसेससमोर येऊन म्हणाल्या, "बाई, जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग तुम्हाला कसा घालू?" त्या म्हणाल्या.

खरं म्हणजे त्या बाईचं चुकलं असं मला म्हणवत नाही. ते वाक्य मात्र राहिलं, दुसरा मुलगा असता तर तोही दिला असता हे. दुसरा मुलगा जावेला धरून डॉक्टरकडे घेऊन चालला होता.

हातांना टाके पडले, पोटातलं बाळ सुखरूप होतं. दुसऱ्या दिवशी मी कासाराला पुन्हा बोलावलं, कारण सवाष्णीचे हात घडीभरही मोकळे ठेवायचे नसतात. सासूबाईंनी तर रात्री तिच्या मनगटांना पिवळा दोरा बांधून ठेवला होता. जावेने दोरा सोडला आणि कासाराला परत पाठवलं.

"ते जिवंत आहेत असं मला कुणी सांगू दे. मग भरते," ती म्हणाली.

"अगं, मी सांगते ना," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला कुठं माहीत आहे, आत्याबाई?"

सासूबाई तिच्यापुढे बसल्या. मी त्यांना कधी कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. "पोरी, या घरात रिकाम्या हातांची एक जोडी आहे. ती पुरे आहे." जाऊ रडली, त्याही रडल्या, पण हात तिने पुढे केले नाहीत.

दोन दिवसांनी चेअरमन आणि पुढारी एकाच वेळी आमच्याकडे आले. ठरवून नव्हे, योगायोगाने, आणि दोघांनाही ते आवडलं नव्हतं. एक दिवाणावर बसले, एक खुर्चीत. मी चहा टाकला.

"झालं ते मिसअंडरस्टँडिंग होतं," चेअरमन म्हणाले. "आपण एक छोटा कार्यक्रम करू. कासार मी आणतो. माझी मिसेस स्वतः ह्यांना बांगड्या भरवेल, चार माणसं बघतील, विषय क्लोज."

"कशाला भरायच्या?" पुढारी म्हणाले. "हात हायेत तसं लोकांना दिसू दे. आमच्या जमिनी नेल्या तवा आमाला कोनी इचारला नाय. हिचा मानूस नेला तवा हिला कोनी इचारला नाय. आमच्या सभेन येऊन नुसती बस बाय. बोलायचा कायी नाय."

म्हणजे एकाला तिचे हात भरलेले हवे होते, एकाला रिकामे, आणि बोललेलं कुणालाच नको होतं. मला संताप आला. चहा उकळून उतू चालला होता तो मी तसाच जाऊ दिला. तेवढ्यात जाऊ बाहेर आली, हातांना पट्ट्या, आणि दारात उभी राहून म्हणाली, "तुमच्यापैकी कुणाला ते कुठं आहेत हे माहीत आहे का?"

चेअरमन म्हणाले की ते वरून चौकशी करतील. पुढारी म्हणाले की वरून काय चौकशी होणार, वरचेच तर लपवतात. चेअरमन म्हणाले की हे आरोप बेजबाबदार आहेत. मग लंकेशी केलेला करार बरोबर होता की चूक यावर दोघांची जी जुंपली ती चहा निवेपर्यंत. जाऊ थोडा वेळ ऐकत उभी राहिली. एखाद्याने रांगेत आपला नंबर येतो का बघावं तशी ती एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती. मग आत गेली. ती गेली हे दोघांनाही कळलं नाही.

वरून काही आलं नाही. पत्र आलं, फेब्रुवारीच्या मध्याला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. यांनी मोठ्याने वाचून दाखवलं: तब्येत बरी आहे, इथे नारळ फार आहेत, आईला सांगा पथ्य सांभाळ. जावेने पत्र हातात घेतलं आणि वरची तारीख बघितली. "हे सव्वीसच्या आधीचं आहे," म्हणाली. बरोबरच होतं. पुढच्या महिन्यात दुसरं आलं, त्यावर फेब्रुवारीची तारीख. सासूबाई म्हणाल्या, आता तरी? ती म्हणाली, "लिहिलं त्या दिवशी होते. आजचं काय?"

हट्ट म्हणा हवं तर. मीही एकदा चिडून म्हटलंच, की तुझं हे आता अती होतंय, नवरा जिवंत असताना असे हात ठेवून अपशकुन करतेस. तेव्हा ती धुणं वाळत घालत होती. हातातला पिळा तसाच धरून म्हणाली, "ताई, एकदा फोडल्यात मी. पुन्हा भरून पुन्हा फोडायची ताकद माझ्यात नाही. ते समोर उभे राहिले की घालीन." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

कॉलनीतल्या बायकांची पंचाईत झाली. हळदीकुंकवाला हिला बोलवायचं की नाही? कपाळाला कुंकू आहे, गळ्यात मंगळसूत्र आहे आणि हात भुंडे. अशा बाईसाठी त्यांच्याकडे जागाच नव्हती. शेवटी त्यांनी आम्हा दोघींनाही बोलवायचं सोडून दिलं. मला फारसं वाईट वाटलं नाही, डाळ आणि पन्हं मला घरी करता येतं. तिला वाटत असणार. बोलली नाही कधी.

पुढाऱ्यांच्या सभेला ती गेली नाही, पण तिची गोष्ट गेली. "बेलापूरची आपली एक भैन" म्हणून लाउडस्पीकरवरून ती गावोगाव फिरली, आणि प्रत्येक गावात थोडी वाढली. वाशीच्या मार्केटमध्ये आमच्या गावचे पुष्कळ लोक माथाडीचं काम करतात. त्यांच्यातल्या कुणीतरी ऐकलं आणि सुट्टीत गावी जाऊन सांगितलं. एक दिवस चुलत सासरे डोक्यावर पंचा घेऊन दारात उभे, मागे त्यांच्या मंडळींनी गळा काढलेला. सासूबाईंनी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, चार पत्रं समोर ठेवली आणि संध्याकाळच्या एसटीने परत पाठवलं. जाताना बजावलं की गावात सांगा, तेरावं-बिरावं कुणी घालू नका.

जूनमध्ये वाशीच्या हॉस्पिटलात मुलगा झाला. तिथल्या आयाने तिचे हात बघितले आणि मला व्हरांड्यात नेऊन हळूच विचारलं, "कधी गेले हो?" मी म्हटलं, गेले नाहीत, ड्यूटीवर आहेत. तिचा विश्वास बसला नाही. बारशाला चेअरमनच्या मिसेस आल्या, बाळाला अंगडं दिलं आणि जावेच्या हातांकडे न बघता गेल्या. चेअरमन आले नाहीत. त्यांचं येणं तोवर कमी झालं होतं. त्यांच्याच पक्षातले लोक आता लंकेचा विषय काढला की पाण्याची टाकी, रस्ता, रेल्वे कधी येणार, असलं काहीतरी बोलायला लागायचे. पुढाऱ्यांनाही तोवर जमिनीच्या भावाचा नवा प्रश्न मिळाला होता. आमच्याकडचा चहा एकदम निम्म्यावर आला. सैन्य मात्र तिथेच होतं, आणि बातम्यांत आकडे तसेच येत होते.

दिवाळी होऊन गेली होती. शनिवार, माझं ऑफिस अर्धा दिवस. बाळ माझ्या मांडीवर, सासूबाई लसूण सोलत बसलेल्या, हे आपल्या जागेवर पेपर घेऊन. बेल वाजली. जावेने दार उघडलं आणि ती तशीच कडी धरून उभी राहिली. बाहेर दीर. काळा ठिक्कर पडलेला, अर्धा झालेला, खांद्यावर होल्डॉल. रजा मिळाली, आणि कळवायला सवड मिळाली नाही म्हणून थेट आला.

तो हसला. मग त्याची नजर कडीवरच्या हातांवर गेली, आणि हसू तिथेच थांबलं. त्याने तिच्या खांद्यावरून आत बघितलं. आईकडे, भावाकडे, माझ्याकडे, मांडीवरच्या बाळाकडे. एकेकाकडे नीट बघितलं. सगळे होतो.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

सासूबाईंनी लसणाची सुपली बाजूला ठेवली.

"तू," त्या म्हणाल्या. "सव्वीस जानेवारीला. शाळेच्या मैदानावर, सगळ्या कॉलनीसमोर."

मग त्या रडायला लागल्या, आणि ज्यांना मी लग्नापासून कधी रडताना पाहिलं नव्हतं ते हेसुद्धा. दिराने होल्डॉल खाली ठेवला आणि उंबऱ्यातच बसून सगळं ऐकून घेतलं. राजकारणाबद्दल त्याने एक शब्द विचारला नाही. आम्हीही तिथलं काही विचारलं नाही. मधूनच तो जावेचा हात हातात घेऊन टाक्यांच्या खुणांवरून अंगठा फिरवत होता. बाळ त्याच्याकडे जाईना, रडायचं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः पनवेलला जाऊन कासाराला घेऊन आला. कासाराने बाहेरच्या खोलीत पेटी उघडली. सासूबाई या वेळी लांब बसल्या नाहीत, सुनेच्या अगदी शेजारी येऊन बसल्या. दीर म्हणाला, "हिरव्या भरा मामा. कोपरापर्यंत भरा."

जाऊ त्याच्याकडे बघत होती. "परत कधी जायचंय?"

"महिन्याने," तो म्हणाला. "पलटण अजून तिथंच आहे ना."

कासार हात पुढे येण्याची वाट बघत बसला होता. मग तिने शब्द दिला होता तसा डावा हात त्याच्यापुढे धरला.

"महिनाभर टिकतील अशा द्या," ती म्हणाली. "फार पक्क्या नकोत."